झील धरणारी खोली

सोमवार, १० मार्च

आज सोलापुरात आले. एस्टीत खिडकी मिळाली, कंडक्टरबरोबर भांडण झालं, ते मी जिंकलं. म्हंजे दिवस बराच म्हणायचा. स्टँडवर लेक आल्ती, सुकन्या. कडेवर नात. तिचं नाव काय तरी मोठं ठेवलंय, मला म्हणायला येत न्हाय, मी चिंगी म्हणते. आठ म्हैन्याची हाय पर वजन दीड वर्साच्या पोरागत. मला बघून रडली न्हाय, उलट पदर ओढला. शाणी हाय.

घर चांगलं हाय. नळ आत हाय, वर पत्रा न्हाय, स्लॅब हाय. पुढं दोन खोल्या आणि मागं एक लांबोडी खोली. तितं आदी चादरीचे माग होते. माग भंगारात गेले, खोली राह्यली. भिती हातभर जाड, एकच खिडकी, ती बी विटा लावून बुजवल्याली. दुसऱ्या कुणी नाक मुरडलं असतं. आमच्या जावयानं म्हणं ती खोली बघूनच घर भाड्यानं घेतलं.

जावई म्हंजे बिभीषण. माझ्या नणंदेचाच पोरगा, त्येचं नाक मी पुसलंय, म्हणून हितं अहो-जाहो लिवत न्हाय. चिंचोळीला कंपनीत हाय, पहिली पाळी. राह्यल्याल्या वेळात लोकांची भजनं, गाणी रेकॉर्ड करून मोबाईलवर सोडतो. आता त्येला माझी ओवी पायजे.

माझा बा, येडू, बिरुदेवाची मोठी ओवी म्हणायचा. बा पद म्हणणार, मागं झीलकरी बसणार. पद संपलं की बा दम घ्यायचा, ती जागा झिलीची. पदाचं शेपूट झीलकऱ्यांनी उचलायचं, ओढायचं, तवर म्हणणाऱ्याला फुडलं पद आठवतं. बाला पोरगा न्हाय. आमच्याकडं बाईनं देवळात पद म्हणायचं न्हाय, पर मागं अंधारात बसून झील धरली तर कोण बघतंय. तशी बसून बसून सगळी ओवी माझ्या डोस्क्यात बसली. आता बा न्हाय, त्येचे गडी न्हायत. सबंध ओवी एकटीकडं हाय, माझ्याकडं.

सुकन्यानं ही वही दिली. म्हणली आये, ओवी लिवून ठेव. मी म्हणलं चौथी शिकल्याली बाई, लिवायला बसले तर मरूस्तवर पुरायची न्हाय. आणि ओवी लिवायची नसती. तोंडातनं तोंडात जाती ती. वही वाया जाऊ ने म्हणून हे लिवते.

बुधवार, १२ मार्च

बिभीषण म्हणला मॉनिटर घ्यायला जायचंय, मामी, तुमी पण चला. मला वाटलं टीव्ही. नव्या पेठेत ताबीशच्या दुकानात गेलो तर सगळे डबेच. गाणी ऐकायचा डबा येगळा आणि गाणं तपासायचा डबा येगळा म्हणं. तपासायचा डबा पदरचं काय घालत न्हाय आणि काय झाकत न्हाय. आतच मशीन बसवल्यालं, दोनाची जोडी. लई महाग बी असत्यात, पर आमच्या बिभीषणाच्या खिशाला परवडत्याल असे बी हायत.

ताबीश पोरगा तोंडानं गोड हाय. मावशी मावशी करत पयला डबा लावला, त्यात गणपतीच्या मिरवणुकीतलं गाणं. माझी छाती हालली. मी म्हणलं, हे बंद कर, मिरवणुकीत आमी न्हाय. बिभीषणाच्या मोबाईलात माझी ओवी हाय, वाड्यावर, म्हंजे रानातल्या मुक्कामी, मेंढरं बसवताना घेतल्याली, ती लाव.

लावली. अगं आई, काय तो आवाज. मध लावल्यागत. मी हाय का पिक्चरातली बाई हाय कळंना. बिभीषण खूष. मी म्हणलं हा माझा आवाज न्हाय. मी रोज मिश्री लावणारी बाई हाय, माझ्या गळ्यात मध कुठला? ताबीश हसून म्हणला, लोकांना हेच आवडतं. मी म्हणलं गोड बोलणारी माणसं मला सासरी रग्गड भेटली, आता इकत घ्यायची न्हायत.

दुसरी जोडी थोराड, ढोलाएवढं तोंड. ताबीशच म्हणला ही तुमच्या खोलीला नको. लहान खोलीत मोठा डबा लावला की जाड आवाज भितीला धडकून माघारी येतो आणि सगळं गुं गुं हुतं. ही गोष्ट त्यानं खरी सांगितली, म्हणून मग त्याचं पुढचं ऐकलं.

तिसरी जोडी वीतभर तोंडाची. काळी, दिसायला काय न्हाय. ती लावली आणि मी म्होरं सरकले. माझा एक दात पडलाय, तितनं वारं जातं ते ऐकू आलं. मधी मी थुकी गिळली ते. लांब कुठं तरी कोकरू वरडलं ते बी, जे मोबाईलवर कधी कुणाला ऐकू आलं न्हाय. बिभीषणाचं तोंड पडलं. म्हणला मामी, ह्यात लईच उघडं पडतंय.

मी म्हणलं, "हीच जोडी घे. ही माझ्यागत हाय, तोंडावर बोलती."

त्यो अजून मधाच्या डब्याकडं बघत होता. मीच ऐकलं न्हाय. तिसरी जोडी बांधून घेतली.

शनिवार, १५ मार्च

दोन दिवस खोलीतच गेले. डबे भितीला चिकटवायचे न्हायत. कानाच्या उंचीला पायजेत, म्हणून दोन स्टुलं, त्यावर जुन्या गादीचा फोम, त्यावर डबे. तोंडं थोडी आत वळवायची. दोन डबे आणि ऐकणाऱ्याचं डोस्कं, चुलीच्या तीन दगडागत. चौथा माणूस कुटं बी बसला तर त्येला खरं ऐकू येत न्हाय. हे सगळं बिभीषण मोबाईलवर बघून शिकलाय.

खोली घुमत होती. मी टाळी वाजवली तर कुणी तरी पलीकडनं वाजवल्यागत आली. मग राजम्माकडनं डागी चादरी आणल्या. राजम्मा म्हंजे घरमालकीण, शेजारीच ऱ्हाती, तेलगू बोलती, आपल्याशी बोलताना मराठीला झोका देती. त्येंचाच कारखाना होता हा. चादरी चारी भितीला टांगल्या, मोर, फुलं, चौकडी. मग टाळी मेली. शेजारी माग चालत्यात त्येचा खडखडाट बी आत येईना.

गरम मात्र लई हुतं. रेकॉर्ड करताना पंखा बंद.

सोमवार, १७ मार्च

आज ओवी सुरू केली. बिभीषण कामावरनं आला, च्या घेतला, मशीन लावलं. सुकन्या झिलीला बसणार होती पर चिंगीला ताप, म्हणून मी एकटीच. दिव्याला नमस्कार केला, सुंबरान मांडलं म्हंजे देवाचं नाव घेऊन उघडलं. पद म्हणलं,

माळावरी मेंढरं बसली, ऊन टेकलं काठीला

आणि सवयीनं थांबले. झिलीची जागा सोडली. झीलकरी कुणी न्हाय तरी सोडली, जीभच थांबती तितं. अशी बरीच पदं झाली. बिभीषण म्हणला मोकळ्या जागा मी मागनं कापून टाकतो.

मग डब्यावर लावलं. चुलीचा तिसरा दगड मी. आवाज असा की मीच म्होरं बसले. पद झालं. मोकळी जागा आली. आणि त्या जागेत उजव्या बाजूनं बारीक हूं— असं आलं. पद संपलं तितनंच उचलल्यालं. सुरात.

बिभीषण म्हणला वायरीची गुणगुण हाय, अर्थिंग न्हाय ह्या घराला. वायर बदलली. परत लावलं, परत हूं. मोबाईलवर लावलं तर काय न्हाय. त्यानं उजव्या डब्याची वायर काढली. एकट्या डाव्यातनं मी गायले, आणि हूं उजवीकडनंच आली.

त्यो म्हणला भितीवरनं आवाज परततोय. असंल. मला तेवढं कळत न्हाय. पर गुणगुण दम घेत न्हाय, आणि ही घेत होती.

गुरुवार, २० मार्च

ताप उतरला चिंगीचा. रोज थोडी थोडी ओवी होती. रोज डब्यावर लावून ऐकतो. झील आता नुसती हूं न्हाय. शेवटला शबुद धरती.

सकाळी एक गंमत झाली, गंमतच म्हणते. दारात कुत्रं आलं, मी सुकन्याला म्हणलं ते दे. ती म्हणली काय? मी म्हणलं ते गं, हातात धरत्यात, मेंढरं हाकायचं. ती म्हणली काठी? मी म्हणलं व्हय, तेच. पर तिनं म्हणल्यावर बी मला ते वळखीचं वाटलं न्हाय. जलमभर हातात धरल्याली वस्तू.

वर सोमवारी मी लिवलंय ते वाचलं. अक्षरं लागली, का-ठी-ला. अर्थ लागला न्हाय. परक्या मुलखातला शबुद असल्यागत.

सुकन्या म्हणली वय झालं, आये. मी म्हणलं वय झालं तुझ्या सासूचं.

शनिवार, २२ मार्च

आणखी शबुद गेले. कुटले ते सांगता येत न्हाय, कारण ते न्हायतच. सुकन्या बोट दाखवून नाव सांगती आणि मी मान डोलावते. सगळे पदाच्या शेवटाला आल्याले हायत. जे झिलीनं उचललं ते.

बिभीषण घाबरला असणार, पर त्यो डब्यावर राग काढतो. जोडी उचलून ताबीशकडं नेली, मला बी नेलं. ताबीशनं तीच ओवी, तेच डबे, दुकानात लावले. मी, माझा दात, माझा दम. आणि पदाच्या शेवटी मोकळी जागा. रिकामी. तितं काय न्हाय. ताबीशनं कान लावून ऐकलं. म्हणला डब्यात काय खोट न्हाय, मावशी, तुमी सोडल्याली जागा तेवढी हाय. हवं तर ती गोड जोडी घेऊन जा, बदलून देतो.

मला तितंच कळलं. झील रेकॉर्डात न्हाय. ती खोलीत हाय. मोबाईलला ती उत्तर देत न्हाय, कारण त्यो आवाज खोटा हाय ते तिला कळतं. हा डबा इतका खरा बोलतो की तिला वाटतं बाईच बसलीय म्होरं, पद टाकून वाट बघती.

डबे मी निवडले.

बिभीषण बदलून घ्या म्हणत होता. मी न्हाय म्हणलं. का म्हणलं ते आता कळत न्हाय. भिऊन खोट्या डब्याकडं जायाचं का, असं काय तरी डोस्क्यात होतं.

मंगळवार, २५ मार्च

राजम्माकडं गेले आणि सरळ इचारलं, खोलीत काय मेलंय का. ती रागावली न्हाय. म्हणली कुणी मेलं न्हाय. मग भाजी निवडत निवडत सांगितलं.

माग चालू असले की त्या खोलीत कानावर हात ठेवावा असा दणका. बाजूलाच बाया सुताच्या कांड्या भरायच्या, तिची सासू, जावा, रोजंदारीच्या. बोललं तर ऐकू येत न्हाय, म्हणून त्या व्हटावरनं बोलणं वळखायच्या. आणि गायच्या. सकाळपास्नं सांजपतूर तोंडं हालत, एकीनं पद टाकायचं, दुसरीनं उचलायचं. सगळं व्हटावर. सासू मरताना तिला म्हणली होती ते तिनं तसंच सांगितलं, "चाळीस वर्सं गायले गं. एक ओळ कुणाच्या कानात गेली नाही."

एवढं सांगून ती भाजी धुवायला उठली.

मला वाईट वाटायला पायजे होतं. मला राग आला. गायचं होतं तर आपलं गावं. माझं का घेताय.

घरी येऊन इचार केला. सगळं मोकळ्या जागेमुळं झालंय. जागा मोकळी दिसली की कुणी बी बसतं, एस्टीत काय आणि झिलीत काय. आपलं माणूस बसवलं की झालं. सुकन्याचा गळा चांगला हाय, लहानपणी माझ्यामागं झील धरायची. डब्यावर माझी ओवी लावायची, म्होरं सुकन्या बसवायची, प्रत्येक जागा तिनं भरायची. मग त्यास्नी शिरायला फट ऱ्हायची न्हाय.

सुकन्या लगी व्हय म्हणली. तिला वाटतं आयेचं मन राखावं.

शुक्रवार, २८ मार्च

आज झालं ते लिवते.

दुपारी बसवली. डब्यातनं मी, म्होरं सुकन्या. मी दाराशी चिंगीला घेऊन. सुकन्यानं झील धरली, काय गोड. उजवीकडं सामसूम. दुसरं पद, तिसरं पद, सामसूम. मला हसू आलं. म्हणलं बघा, जागा भरली.

मग चिंगी रडायला लागली. भूक लागल्ती. माझ्यानं गप होईना. सुकन्या अर्ध्या झिलीतनं उठली, तोंडातला शबुद तसाच टाकून, आणि लेकराला घेऊन पुढल्या खोलीत गेली. बिभीषण मशीनपशी, त्याला बंद करायचं सुचलं न्हाय. डब्यात माझं पद संपलं. जागा आली.

झील पडली. सबंध, मोठ्यानं. सुकन्याच्या आवाजात.

मला वाटलं ती पुढनं म्हणतीय. बघाय गेले. ती लेकराला पाजत होती, व्हट मिटल्याले. मी हाक मारली. तिनं वर बघितलं, तोंड उघडलं, जीभ हालली. आवाज न्हाय. खोकली, खोकल्याचा बी न्हाय. आतनं तिचा आवाज ओवी ओढत होता. बिभीषणानं बटण उपटलं तवा मधीच तुटला.

संध्याकाळी डॉक्टरला दाखवलं. गळ्यात काय न्हाय म्हणला. मनाचं हाय, चार दिवसात येईल.

बा सांगायचा, झीलकऱ्यानं ओवी उतरल्याबिगर, म्हंजे पुरी झाल्याबिगर, उठायचं न्हाय. ज्यो मधनं उठला त्येचा गळा तितंच बसून ऱ्हातो. आमी हसायचो. वाटायचं गडी तंबाकू खायला उठू नेत म्हणून सांगतो.

रविवार, ३० मार्च

पाडवा. गुढी उभारली न्हाय. राजम्मानं वाटीत काय तरी आंबट-गोड दिलं, तसंच हाय.

चिंगी आईच्या तोंडाकडं बघती. तोंड हालतंय, आवाज न्हाय. तोंडात बोट घालून शोधती. मग रडती. सुकन्या बी रडती, तिचं नुसतं पाणी येतं.

बिभीषणानं डबे फोडायला हातोडा आणला. त्याआदी एकदा लावून बघितलं, तुटलं होतं तितनं. झिलीत तिचा आवाज आला. चिंगी पुढल्या खोलीतनं रांगत आली. डब्याकडं न्हाय गेली. उजव्या कोपऱ्यात गेली, चादर धरून उभी राह्यली, आणि हसली. दोन्ही हात वर केले, उचलून घे म्हणून.

पयल्यांदाच उभी राह्यली ती. कुणाच्या म्होरं उभी राह्यली—

हातोडा मी काढून घेतला. डबे गेले तर तिचा आवाज कुटनं आणू.

मंगळवार, १ एप्रिल

उपाय एकच. ओवी अर्धी तुटलीय, ती उतरवायची. उतरली की झीलकरी उठत्यात, तवा सुकन्याचा गळा बी उठंल. राह्यल्याली सगळी पदं म्हणायची आणि खऱ्या डब्यावर लावायची, जागा सोडून. एकेक शबुद जाईल, ते ठाऊक हाय.

ओवीच्या शेवटाला म्हणणाऱ्यानं नावं घ्यायची असत्यात. कुणाकडनं शिकलो, गाव कुठलं, मी कोण, माझ्यामागं कोण, म्हंजे लेक. नावाबिगर ओवी उतरत न्हाय. त्या पदाला बी झील असती.

बिभीषणाला सांगितलं. त्यो खाली बसला. म्हणला मामी, खोटी नावं घ्या. मी म्हणलं त्यास्नी खरं-खोटं कळतं म्हणून तर हे झालं.

सुकन्याला नावाचं सांगितलं न्हाय. तिनं मला बसू दिलं नसतं. ती खुणेनं इचारती काय चाललंय. मी म्हणते ओवी पुरी करते, बास.

तिच्याकडं आज लई बघितलं. कपाळावर कांजण्याचा वण हाय. मेंढरामागं असताना उठल्या होत्या, लिंबाचा पाला माझ्या मालकानं आणला, घोंगड्यावर तिला घेऊन मी सात रानं फिरले. लिवून ठेवते. लिवून काय हुणार ते बी ठाऊक हाय.

गुरुवार, ३ एप्रिल

बरीच पदं झाली. ऐकताना मी तीन दगडातल्या माझ्या जागी बसते. पळून ऐकायचं न्हाय.

एक न्हाय त्या. लई जणी हायत. प्रत्येकीला शबुद मिळाला की तिचा आवाज येगळा कळायला लागतो. एक म्हातारी हाय. एकीला खोकला हाय. मधी माझी पोर.

सकाळी ते प्यायचं असतं, गरम. सुकन्यानं दिलं. चांगलं होतं.

जनावरं असत्यात ना, पांढरी काळी, लोकर. आमी ती पाळतो. नाव गेलं. जलम त्येंच्यामागं गेला—

शनिवार, ५ एप्रिल

बिभीषण रडतो मशीन लावताना. मी वरडले त्येच्यावर. वरडायचे शबुद अजून हायत.

चिंगी कोपऱ्यात बसती. तिकडं बघून बोबडं बोलती. तिकडनं—

सुकन्या दार आडवून उभी राह्यली. तिला कळलं असंल. तोंडानं काय काय म्हणत होती, व्हटावरनं मला वळखता आलं. नगं आये. नगं. मी बाजूला केली तिला. जोर हाय अजून अंगात.

सोमवार, ७ एप्रिल

उद्या नावं.

आज वही पयल्यापास्नं वाचली. अर्धी कळली. ती बाई लई तोंडाळ हाय. मला आवडली.

मंगळवार, ८ एप्रिल

बाचं नाव घेतलं. लावलं. झील पडली. एक म्हातारा होता, मला — वर बसवून न्यायचा. त्येचं तोंड दिसतं. त्येला हाक काय मारायची—

गावाचं घेतलं. गेलं.

माझं घेतलं. झिलीत सगळ्याजणी म्हणल्या. बरं वाटलं ऐकून. कुणाचं होतं ते—

एक पद राह्यलंय. त्यो पोरगा हात जोडतो, म्हणतो थांबा. कापडावर मोर हायत, ते हालत्यात. पंखा बंद हाय.

ते पद म्हणते. ते आत हाय अजून. मागं कोण, त्येचं पद. म्हणताना ते माझ्याजवळ असंल, लावलं की—

बुधवार, ९ एप्रिल

तारीख भितीवरची बघून लिवली.

खोलीत सामसूम हाय. डबे बंद. कोपऱ्यात कुणी न्हाय. उठून गेल्या.

एक बाई आली. तरणी. कडेवर लेकरू. कपाळावर वण हाय बारका. हाक मारत आली. काय आवाज हाय तिचा. असा आवाज मी कधी ऐकला न्हाय. लेकरू तिच्या तोंडाकडं बघून टाळ्या पिटतं.

ती माझे हात धरून बसली. रडती. मला कसं तरी झालं, कुणाची पोर अशी रडती. मी इचारलं, बाई, कोण तू?

ती म्हणली आये, बघ, मला बोलाय येतंय. म्हणली मी हाय, मी तुझी—